मागच्या रांगेतल्या मगदूम बाई

मगदूम बाईंना 'गप्प बसा' असं तोंडावर सांगणारी आयुष्यात दोनच माणसं निघाली. एक त्यांचे वडील. त्यांचा काही उपयोग झाला नाही. दुसरा युरोपातल्या एका भल्यामोठ्या सभागृहाच्या दारावरचा सहा फुटी पहारेकरी. त्याचाही फारसा झाला नाही, पण ती हकीकत सांगायची तर थोडं मागं जावं लागेल. बाई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. अजून कुणी मोठ्यानं बोललं की मी मान वळवून बघते.

कोल्हापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत बाई भूगोल शिकवायच्या. पंचगंगेच्या काठावरच्या त्यांच्या सासरच्या गावातून रोज एसटीनं यायच्या, बहुतेक उभ्यानंच. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, आणि मोसमी वारे तळमजल्यावरच्या ऑफिसातल्या क्लार्कलासुद्धा पाठ. मुलींची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. हजेरीचा नंबर हेच नाव. मी नववी ब, सदतीस. पुढं माझं लग्न झालं, पीएचडी झाली, मी कॉलेजात पर्यावरण शिकवायला लागले, तरी सदतीसची सदतीसच राहिले. लग्नानंतर महिन्याभरात बिंदू चौकात, सबजेलच्या भिंतीजवळ, मागून खणखणीत हाक आली, "ए सदतीस! कवा सुटलीस?" त्यांना म्हणायचं होतं कॉलेजातून. माझ्या नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या. वर्गाबाहेर पाऊल पडलं की गावची. आणि दोन्हीकडं त्यांचं एकच वाक्य होतं, "वाचून दाखव." नकाशा असो, शाळेची नोटीस असो, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर असो, मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यांच्या लेखी ते लिहिलेलंच नव्हतं. सहलीला जाताना एसटीच्या तिकिटामागच्या सूचना आमच्याकडून वाचून घेतल्या होत्या. कंडक्टरनंही त्या पहिल्यांदाच ऐकल्या असाव्यात.

ही सवय सगळ्यात जास्त भोवली ती गावच्या दूध संस्थेला. आमच्याकडच्या सहकारी संस्थेची वार्षिक सभा ज्यानं बघितली नाही त्यानं काय बघितलं? व्यासपीठावरून "विषय क्रमांक एक" एवढं म्हणायचा अवकाश, पुढच्या चार रांगा हात वर करून ओरडतात, "मंजूऽर! मंजूऽर!" विषय काय होता हे मागच्यांना कळेपर्यंत चेअरमन आभार मानत असतात. बाई त्या सभेत दरवर्षी मधोमध बसायच्या आणि मंजूरचा गजर सुरू झाला की ताडकन उठायच्या. "नामंजूर! आधी वाचून दाखवा!" एकदा चेअरमननी युक्ती केली. बरोबर विषय क्रमांक चारच्या वेळेला बाईंच्या हातात चहाचा कप ठेवायला लावला. बाईंनी कप हातात धरूनच चार नंबरचा विषय स्वल्पविरामासकट वाचून घेतला, आणि मग गार झालेला तो चहा व्यासपीठावर नेऊन चेअरमनच्या पुढ्यात ठेवला. "आता तुमी घ्या. घसा वाळला असंल."

अशा या बाईंना मी एकदाच गप्प बघितलं होतं, त्या मोठ्या महापुरानंतर. पाणी घरात शिरलं तेव्हा बोट आली. बोटवाल्यांचा हुकूम एकच, माणसं तेवढी चढा, जनावरं सोडून द्या. बाईंचे दीर, अण्णा, यांच्या गोठ्यात दोन म्हशी. ते म्हणाले, "तुमी व्हा म्होरं. म्हशीस्नी कट्ट्यावर घेतो आणि दुसऱ्या बोटीनं येतो." दुसरी बोट यायच्या आत पाणी कट्ट्याच्याही वर गेलं. पाणी उतरल्यावर अण्णा सापडले तेव्हा त्यांच्या मनगटाला दावं गुंडाळलेलं होतं. मी भेटायला गेले तर बाई उंबऱ्यात बसलेल्या. तासभर बसून मी निघाले, तोवर एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्या शांततेची भीती वाटली होती, अजून वाटते.

पुढं काही वर्षांनी आमच्या कॉलेजबरोबर पुरावर काम करणाऱ्या एका संस्थेला जागतिक हवामान वाटाघाटींना निरीक्षक म्हणून दोन माणसं पाठवायची संधी मिळाली. एक मी. दुसरं कोण, असं विचारल्यावर माझ्या तोंडून बाईंचं नाव निघून गेलं. त्या तेव्हा निवृत्त होऊन गावातच राहत होत्या आणि दर पावसाळ्यात माळावरच्या शाळेतली पूरग्रस्तांची छावणी चालवत होत्या. मी फोन केला.

"तितं बोलायला मिळतंय?"

"नाही बाई. निरीक्षक म्हणजे फक्त बघायचं आणि ऐकायचं. बोलायचं देशांच्या प्रतिनिधींनी."

"निस्तं बघून काय करायचं? टीव्हीवर बघतो की मी."

मग मी त्यांना तिथं चर्चेला येणाऱ्या मसुद्यातलं एक वाक्य वाचून दाखवलं. पूर आणि वादळाच्या वेळी माणसं आणि त्यांची जनावरं सुरक्षित जागी हलवण्याची तयारी करावी, असं ते वाक्य होतं. ते पक्कं झालं असतं तर बचावकार्याच्या योजनांमध्ये आणि मदतीत जनावरांचाही विचार करावा लागला असता. पण 'आणि त्यांची जनावरं' हे शब्द चौकोनी कंसात होते.

"कंसात कशापायी?"

"म्हणजे ते अजून ठरलेलं नाही. कुणालातरी ते शब्द नको आहेत."

"कुणाला नकोत?"

"ते लिहिलेलं नसतं, बाई."

त्यांनी ते वाक्य माझ्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं, कंसासकट. मग त्या म्हणाल्या, "येतो मी. पासपोर्टला काय काय लागतंय ते सांग."

आम्ही दोघीही पहिल्यांदाच अशा ठिकाणी जात होतो आणि दोघींचीही छाती धडधडत होती, फक्त बाई ते कबूल करत नव्हत्या. दारात फोटोचा पास गळ्यात पडला आणि आत पाऊल टाकलं तर काय! एका जत्रेत सगळं जग. एकशे नव्वदहून जास्त देशांची माणसं, कुणी सुटात, कुणी झग्यात, कुणी डोक्यावर पिसं खोचून. भिंतीवर लांबलचक पडदे, आणि कुठल्या खोलीत कुठली बैठक ते त्यावर बसस्टँडसारखं बदलत राहायचं. बैठक हलली की माणसं पळायची, आम्हीही पळायचो. बाईंनी इचलकरंजीत घेतलेली इरकली नेसली होती आणि पायांत पुतण्याचे पांढरे बूट. दुसऱ्या तासाला त्यांना माझ्यापेक्षा जास्त खोल्या पाठ झाल्या. "ह्ये बघ, ज्या खोलीम्होरं काळ्या कोटवाल्यांची गर्दी, तितं भांडण हाय. चल."

मुख्य सभागृहात देशांच्या नावांच्या पाट्या, मागं त्यांच्या खुर्च्या, आणि सगळ्यात मागच्या रांगांत आम्ही निरीक्षक. कानाला यंत्र लावलं की भाषण आपल्या पसंतीच्या भाषेत. मराठी नव्हती, याबद्दल बाईंनी तिथल्या मदतकक्षावर लेखी तक्रार दिली. उद्घाटन झालं, अध्यक्ष कामकाजाचे विषय घेऊ लागले. अमुक विषय, हरकत दिसत नाही, तसं ठरलं, आणि हातोडा खट्. पुढचा विषय, हरकत नाही, खट्. तिसरा, खट्. शेजारी काहीतरी हललं म्हणून मी बघितलं तर बाई उभ्या!

"नामंजूर! आधी वाचून दाखवा की!"

जगभरातल्या हजारभर माना मागं वळल्या. दुभाष्याच्या काचेच्या खोलीतली बाई बोलता बोलता थबकली, हे कुठल्या भाषेतलं म्हणून शेजारणीकडं बघायला लागली. अध्यक्षांनी हातोडा हवेतच धरला. मी बाईंचा पदर ओढून त्यांना खाली बसवलं आणि त्याच वेळी तो सहा फुटी पहारेकरी आमच्या रांगेत येऊन पोचला. त्यानं बाईंच्या पासाचा नंबर लिहून घेतला आणि अतिशय सभ्य इंग्रजीत सांगितलं, मॅडम, इथं तुम्ही शांत बसायचं आहे. पुन्हा असं झालं तर पास काढून घ्यावा लागेल आणि मग आत येता येणार नाही.

बाहेर आल्यावर मी हात जोडले. "बाई, पाया पडते. ही आपली डेअरीची सभा नाही."

"व्हय की, डेअरीच्या सभेत निदान मंजूर म्हणायला तरी मिळतंय." मग माझा चेहरा बघून त्या जरा नरमल्या. "बरं, न्हाय बोलत. अण्णांच्या गळ्याची शपथ." गेलेल्या माणसाच्या गळ्याची शपथ घेतात का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पण गप्प बसायचं म्हणजे नुसतं बसायचं असं थोडंच आहे? आमचं वाक्य ज्या छोट्या खोलीत चर्चेला होतं तिथं आम्ही रोज जायचो. समोर पडद्यावर मसुदा, आणि कुणी देश बोलला की तिथल्या तिथे शब्द वाढायचे, खोडले जायचे, कंसात जायचे. मला तर क्रिकेट बघावं तसं व्हायचं. एका देशानं 'जनावरं' शब्दाला तीन दिवस विरोध केला, माणसं म्हटलं की पुरे, वाक्य उगाच लांबतं म्हणून. बाजूनं एकच देश होता, लांबच्या समुद्रातलं एक चिमुकलं बेट. त्यांचं शिष्टमंडळ म्हणजे दोन माणसं. त्यातली मेरी नावाची एक बाई, पन्नाशीची, कायम धावत असायची, कारण एका वेळी पाच बैठका आणि माणसं दोन.

बाईंनी मेरीला जेवणाच्या रांगेत गाठलं. बाईंचं इंग्रजी शाळामास्तरी, शब्द कमी आणि आवाज जास्त. "मॅडम! यू हॅव बफेलो?" मेरी दचकली. मग हसून म्हणाली, नो, पिग्ज. बाईंनी क्षणभर विचार केला. "सेम," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. त्या दिवसापासून रोज दुपारी दोघी एका टेबलाला. एकीला दुसरीचं निम्मं कळायचं नाही, मेरीला मराठीतला 'म्हशी' एवढाच शब्द पाठ झाला, आणि दोघींच्या गप्पा संपायच्या नाहीत. एकदा मी गेले तर बाई रुमालाची गाठ मारून दावं कसं असतं ते दाखवत होत्या आणि मेरीचे डोळे भरले होते. अण्णांची हकीकत त्यांनी शाळेतल्या कुणाला कधी सांगितली नव्हती, मलाही ती गावकऱ्यांकडून कळली होती. तिथं, परक्या मुलखात, परक्या भाषेत सांगून टाकली.

शेवटच्या दिवशी त्या छोट्या खोलीत घाई उडाली. चर्चा चालवणाऱ्या समन्वयकानं जाहीर केलं, वेळ संपला आहे, परिच्छेद एकेक करून घेऊ, आणि कंसातल्या शब्दांना या खोलीत पाठिंबा देणारं कुणी नसेल तर ते काढून टाकू. आमचं वाक्य सातव्या परिच्छेदात. मी मेरीच्या खुर्चीकडं बघितलं. पाटी होती, माणूस नव्हतं. ती दुसऱ्या बैठकीत अडकली होती. पहिला परिच्छेद झाला, कंस गेला. दुसरा झाला.  आता बाई उठणार, ओरडणार, पहारेकरी आम्हाला दोघींना बाहेर काढणार आणि शब्द जायचे ते जाणारच, कारण निरीक्षकाच्या ओरडण्याला तिथं काडीची किंमत नव्हती. बाई उठल्या. पण ओरडल्या नाहीत. चपळाईनं रांगेतून निघाल्या आणि दाराबाहेर गेल्या.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही, पण परतीच्या प्रवासात बाईंनी मला ते सहा वेळा अभिनयासकट सांगितलं. मेरीची बैठक इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. सदुसष्ट वर्षांच्या बाई निऱ्या वर खोचून त्या गुळगुळीत बोळातून पळत सुटल्या. खोलीचं दार उघडं, पण बैठक निरीक्षकांना बंद, आणि दारात नेमका तोच सहा फुटी. बाईंनी हात जोडले, खुणा केल्या, मेरी, मेरी म्हणाल्या. तो मान हलवत राहिला. आत लांब कोपऱ्यात मेरी पाठमोरी बसलेली. मग बाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि नदीच्या ह्या काठावरून त्या काठाला हाक मारतात तशी हाक मारली.

"मेऽऽरेऽऽ! म्हशीऽऽ!"

ती हाक मला माझ्या खोलीत ऐकू आली, देवाशपथ. पाचवा परिच्छेद चालू होता. समन्वयकानंही मान वर केली. मी डोळे मिटून घेतले. सहावा झाला. सातवा पडद्यावर आला, आमचं वाक्य, आमचा कंस, आणि त्या कंसाच्या कडेला लुकलुकणारी कर्सरची काळी रेघ. समन्वयक म्हणाला, या शब्दांना पाठिंबा आहे का कुणाचा? एक, दोन, तीन असं मी मनात मोजत होते, आणि दार धाडकन उघडलं. मेरी धापा टाकत आत आली, बसायच्या आधीच, बोलायचं आहे म्हणून, आपल्या देशाची पाटी उभी केली. तिला बोलायला श्वास पुरत नव्हता. ती म्हणाली, आमच्या बेटावर मागच्या वादळात एक म्हातारी बोटीत चढली नाही, कारण तिची डुकरीण बोटीत घेत नव्हते. आणि माझी एक मैत्रीण आहे, तिच्याही घरात असंच झालं. हे शब्द राहू द्या.

विरोध करणाऱ्या देशाच्या माणसानं हातातला कागद उलटा करून ठेवला. मग म्हणाला, आज पाठिंबा देता येणार नाही, पण काढा असंही म्हणत नाही. शब्द कंसासकट पुढच्या बैठकीकडं गेले. जगाच्या हिशेबात हे काहीच नव्हतं, हे मला ठाऊक आहे. मी मात्र मागच्या रांगेत बसून ढसढसा रडले, आणि बाईंना सांगायला बाहेर पळाले.

बाई आत नव्हत्याच. पास काढून घेऊन त्यांना फाटकाबाहेर सोडलं होतं. रस्त्यापलीकडं एका बाकावर त्या बसलेल्या, हातात आइस्क्रीमचा कोन. मला बघून उठल्या. ओरडल्या नाहीत, जवळ येईपर्यंत काही विचारलंही नाही.

"ऱ्हायलं?"

"राहिलं, बाई. मेरी आली."

त्यांनी कोन माझ्या हातात दिला, पदरानं तोंड झाकून घेतलं आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. येणारेजाणारे बघत होते. मग पदर खाली करून म्हणाल्या, "खा की. वितळाय लागलंय. लई म्हाग हाय हितं."

गावाला परतल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी ग्रामसभा बोलवायला लावली. पुढच्या बैठकीची वाट बघायला नदी थांबणार नव्हती. पुराचा इशारा आला की माळावरच्या शाळेच्या मैदानात आधी जनावरांचं छप्पर उभं करायचं, वैरण पोचवायची, ट्रॅक्टर-ट्रॉल्या पहिल्या दिवशीच गोठ्यांपुढं लावायच्या, आणि जनावरं आणि माणसं एकाच खेपेला न्यायची, असा ठराव झाला. बाईंनी तो सगळ्यांना तीन वेळा वाचून दाखवला म्हणे. कुणी हरकत घेतली नाही.

त्याच पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर पडली. मी कॉलेजच्या मुलींना घेऊन वैरणीचा टेम्पो पोचवायला गेले होते. गावाच्या खालच्या आळीत पिंढरीएवढं पाणी आलं होतं आणि बाईंचा आवाज सगळ्या आळीत घुमत होता. घरं रिकामी होत आली होती. एकाच घराच्या उंबऱ्यात एक बाई बसून होत्या, अण्णांच्या मंडळी, म्हणजे मगदूम बाईंच्या जाऊबाई. अण्णांनंतर त्यांनी एकच म्हैस ठेवली होती. येत न्हाय, म्हणत होत्या, मागच्या वक्तालाबी तुमी सगळे असंच म्होरं जा म्हणाला हुता.

बाई त्यांच्याशी वाद घालत बसल्या नाहीत. सरळ गोठ्यात गेल्या, दावं सोडलं, आणि म्हशीला बाहेर काढून पाण्यातून ट्रॉलीकडं चालवू लागल्या. म्हैस फळीवरून ट्रॉलीत चढली. जाऊबाई बघत राहिल्या. मग उठल्या, उंबऱ्यावरून पाण्यात उतरल्या आणि कुणी हात दिला तोही न धरता तिच्या मागोमाग ट्रॉलीत चढून तिच्या मानेला टेकून बसल्या. बाईंनी घराला कडी घातली. त्यांच्या अंगावरची साडी म्हशीनं उडवलेल्या पाण्यानं छातीपर्यंत भिजली होती. मी हाक मारली, त्यांना ऐकू गेली नाही. ट्रॉली हलली तशी त्या मागच्या फळीला धरून पाण्यातून चालू लागल्या, एक हात जाऊबाईंच्या गुडघ्यावर ठेवून, आणि ट्रॅक्टरवाल्याला ओरडून सांगत होत्या, "हळू घे रं! पाठीमागं कुणी ऱ्हायलं न्हाय आता!"